'शाळा' : स्मरणरंजन आणि शैक्षणिक वर्षाचे अखंडत्व

किशोरवयाचे स्मरणरंजन करणाऱ्या मराठी चित्रपटांत सुजय डहाके दिग्दर्शित 'शाळा' (२०१२) या चित्रपटाचे स्थान विशेष आहे. मिलिंद बोकील यांच्या २००४ मधील कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटास ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा सन्मान लाभला. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकरविषयी त्याला वाटणारी ओढ हा त्याचा विषय होय. त्याची समीक्षा बहुधा प्रेमकथा वा राजकीय पार्श्वभूमी या अंगांनी होते. तथापि त्यातील कालरचनेकडेही लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

या कथेचे कालमान शैक्षणिक वर्ष हे आहे. वर्ग भरतो, ओळख वाढते, परीक्षा येते आणि ताटातूट होते. हा क्रम अखंड राहतो, म्हणूनच त्याचा शेवट हुरहुर लावतो. जे सलग जगता आले, त्याचेच स्मरणरंजन संभवते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्येही (प्रदर्शन २०१४) शाळा आहे आणि अबोल प्रेमही आहे. परंतु जब्याला डुकरे धरण्यासाठी वर्गाबाहेर ओढले जाते. तेथे हुरहुरीची जागा संताप घेतो.

बीड जिल्ह्यातील अध्यापकांस हा भेद पुस्तकी वाटू नये. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात; पण आईवडिलांविना. जी सोबत जातात, त्यांचे वर्ष ऐन मध्यावर तुटते. जोशीची नववी ज्या महिन्यांत फुलते, त्याच महिन्यांत ही मुले फडाजवळच्या कोप्यांत धाकट्या भावंडांना सांभाळत असतात.

हा दोष चित्रपटाचा नव्हे. त्याने आपले जग प्रामाणिकपणे रेखाटले आहे. दोष आहे तो हे बालपण सर्वांचेच आहे असे गृहीत धरून ते शिकविण्यात. आपल्या पदवीच्या वर्गांत अशी बालपणे घेऊन आलेले विद्यार्थी बसतात. 'शाळा' दाखविल्यानंतर त्यांना प्रेमाविषयी विचारण्याऐवजी, दिवाळी ते होळी या काळात त्यांच्या बाकावर कोण बसत असे, हे विचारून पाहावे. (गावोगावचे जुने हजेरीपट हाच अशा एखाद्या पटकथेचा कच्चा खर्डा ठरू शकेल.)