प्रोसेसर बदला, पण घरघर नको!

मनमाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुकानातला संगणक घरघरू लागतो. पत्रिका छापणारे, हिशेब ठेवणारे आपले बांधव यंत्र संथ झाले की थेट नवे घ्यायला निघतात. पुष्कळदा नुसता प्रोसेसर बदलून भागते.

एएमडीचा बी४५० मदरबोर्ड (२०१८) असेल, तर त्यावर २०२१ मध्ये आलेला सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी बसतो. शेवटचे 'जी' अक्षर पाहूनच घ्या. ते नसलेल्या ५६०० ला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, नाहीतर पडदा काळाच! बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावे.

सोबत मिळणारा कूलर काम भागवतो, पण त्याचा पंखा लहान. उन्हाळ्यात तो जोरात फिरतो. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर तेवढीच हवा सावकाश फिरून देतो, म्हणून आवाज कमी. त्याची उंची साधारण १५-१६ सेंटिमीटर. कॅबिनेट आधी मोजा.

जुना कूलर काढण्यापूर्वी यंत्र दहा मिनिटे चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा आणि कूलर किंचित फिरवून सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. दुकानात बेचाळीस अंश असतील तर पंखा वेग घेणारच. पत्र्यांतली धूळ मात्र महिन्याला झाडावी.