ही प्रत पहिल्या आवृत्तीची आहे का?

डॉ. जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ वाचलंय? मौज प्रकाशनाने १९७९ साली काढलेला हा विज्ञानकथांचा संग्रह. पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयात किंवा आजोबांच्या कपाटात तो सापडला, तर वाचण्याआधी थोडी हेरगिरी करा. ही प्रत पहिल्या आवृत्तीची आहे का?

मुखपृष्ठावर जाऊ नका. शीर्षकाचं पान उलटा. मागे बारीक टायपात प्रकाशक, मुद्रक, किंमत आणि आवृत्त्यांची यादी असते. नुसतं ‘पहिली आवृत्ती’ आणि साल असेल, तर शाबास! खाली ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी असतील, तर शेवटची ओळ तुमच्या प्रतीची.

एवढ्यावर थांबू मात्र नका. आणखी साक्षीदार शोधा. मागे ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन दिसतोय? हे तेरा आकडे २००७ पासून रूढ झाले, तेव्हा ती प्रत १९७९ची कशी असेल? आणखी जुन्या पुस्तकांत प्रकाशकाचा पत्ता बघा. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ‘मुंबई ४०० ००४’ येणारच नाही, नुसतं ‘मुंबई ४’ असेल.

आता मला सगळ्यात आवडणारी खूण. पानावर टॉर्चचा उजेड आडवा पाडा आणि बोट फिरवा. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून, त्यांना शाई लावून ते कागदावर दाबत. त्या दाबाने अक्षरं किंचित खोल रुततात आणि बोटाला कळतात! नंतर रूढ झालेल्या ऑफसेट यंत्रावर छापलेलं पान मात्र गुळगुळीत लागतं. कागदाच्या पिवळेपणावर फारसा विश्वास ठेवू नका. लाकडातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं खरं, पण पनवेलच्या पावसाळी, दमट हवेत तरुण पुस्तकही म्हातारं दिसू लागतं.

इतका खटाटोप कशाला? कारण पहिल्या आवृत्तीत त्या काळाचं विज्ञान जसंच्या तसं भेटतं. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तेव्हा कृष्णविवराचं छायाचित्र जगात कुणीच पाहिलं नव्हतं. पहिलं छायाचित्र प्रसिद्ध झालं २०१९ मध्ये! ती कथा पाठवताना त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

खरं नाव लपवण्याचं म्हणाल, तर ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचंही असंच. १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये त्याच्या अवघ्या पाचशे प्रती निघाल्या, तीन खंडांत, लेखकाच्या नावाशिवाय! त्यातली एक २०२१ साली अकरा लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. लेखिका मेरी शेलीचं नाव छापलं गेलं १८२३च्या दुसऱ्या आवृत्तीत. म्हणून या पुस्तकाच्या शीर्षकाच्या पानावर लेखिकेचं नाव दिसलं, की समजायचं, ही पहिली आवृत्ती नव्हे.