आकाशांतील मैल आणि घरांतील वांटणी

जुन्या एकत्र कुटुंबांत धान्याची कणगी एक असे, लोणच्याची बरणी एक असे, पण ट्रंकेची किल्ली मात्र ज्या त्या सुनेच्या कंबरेला असे. कणगींतलें तें सर्वांचें आणि ट्रंकेंतलें तें जिचें तिचें, हा भेद आमच्या निरक्षर आजीसही पक्का ठाऊक होता. तोच भेद विसरल्यामुळें, पस्तीस वर्षें मुलांस संधि आणि समास शिकवून निवृत्त झालेल्या आमच्यासारख्या माणसावर साठी उलटल्यावर खालीं मान घालण्याची पाळी आली. ती हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आज लेखणी हातीं घेतली आहे. विषय मात्र कणगीचा नसून विमानाचा आहे. वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांच्या नांवें जे ‘मैल’ जमतात, ते पति-पत्नींनीं आणि घरच्या मंडळींनीं वांटून कसे घ्यावे, हा तो विषय होय. ज्या घरांतील मुलगा वा मुलगी परदेशीं आहे, आणि अशीं घरें आज थोडीं नाहींत, त्यांस त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

प्रथम हे मैल म्हणजे काय तें पाहूं. १९८१ सालच्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें ‘ॲडव्हांटेज’ नांवाची योजना काढली. जो उतारू आपल्याच विमानानें वारंवार जाईल त्याच्या नांवें खातें उघडावयाचें, त्यानें केलेल्या प्रवासाचे मैल त्यांत मांडावयाचे, आणि पुरेसा सांठा झाला म्हणजे त्याच्या मोबदल्यांत तिकीट द्यावयाचें, अशी ती कल्पना. त्याच महिन्यांत युनायटेड या प्रतिस्पर्धी कंपनीनेंही तिचें अनुकरण केलें, आणि पुढें जगांतील बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं तोच मार्ग धरला. आपल्या एअर इंडियाची अशी योजना पुष्कळ वर्षें ‘फ्लाइंग रिटर्न्स’ या नांवानें चालली. ती आतां ‘महाराजा क्लब’ म्हणून ओळखली जाते.

अलंकारशास्त्र शिकलेल्यांस येथें ‘कुशल’ शब्दाचें उदाहरण आठवेल. मूळ अर्थानें जो दर्भ तोडून आणतो तो कुशल. पुढें दर्भ सुटला, आणि कोणत्याही कामांतला प्रवीण मनुष्य कुशल ठरला. मैलांचेंही तसेंच झालें. डेल्टा आणि युनायटेड यांनीं २०१५ सालीं व अमेरिकन एअरलाइन्सनें २०१६ सालीं, किती अंतर कापलें हें पाहण्याऐवजीं तिकिटास किती पैसे मोजले हें पाहून मैल देण्यास आरंभ केला. शिवाय बँकांच्या कांहीं क्रेडिट कार्डांवर किराणा घेतला तरी मैल मिळतात. नांव अंतराचें आणि माप पैशाचें, असा हा मामला आहे.

आतां अडचण कोठें येते ती पाहा. हें खातें कुटुंबाचें नसतें, माणसाचें असतें. घरांत प्रवास करणारीं चार माणसें असलीं तर खातीं चार, आणि ज्याच्या नांवाचें तिकीट त्याच्याच खात्यांत मैल. परिणामीं चौघांपाशीं थोडें थोडें सांचतें, पण एकाचेंही तिकीट निघत नाहीं. चार लोटे पाणी घरांत असून एकाचीही आंघोळ होऊं नये, तशी ही स्थिति. त्यांतून पुष्कळ कंपन्यांच्या मैलांस मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ योजनेंत मिळालेला मैल तीन वर्षांत वापरला नाहीं तर बुडतो.

यावर मार्ग तीन आहेत. पहिला आणि सर्वांत सोपा हा कीं, मैल आपल्याच खात्यांत ठेवून तिकीट दुसऱ्याच्या नांवाचें काढावें. नवऱ्याच्या मैलांवर बायकोनें किंवा मुलीच्या मैलांवर आईनें जाण्यास बहुतेक ठिकाणीं मोकळीक असते. कोठें कोठें अशा आप्तांचीं नांवें अगोदर नोंदवावीं लागतात. क्रिसफ्लायरमध्यें अशीं पांच नांवें देतां येतात. दुसरा मार्ग म्हणजे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत मैल पाठविणें. यास बहुधा शुल्क पडतें, आणि तें कधीं कधीं इतकें असतें कीं चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण खरी ठरावी. म्हणून पहिला मार्ग खुला असतां दुसऱ्याकडे वळूं नये.

तिसरा मार्ग कुटुंबाच्या एकत्र खात्याचा. एमिरेट्सच्या योजनेंत आठ आप्तांपर्यंत मंडळी एका कुटुंबप्रमुखाच्या खात्यांत आपल्या मिळकतीचा ठरविलेला भाग घालूं शकतात. हवें तर सर्वच्या सर्व. लुफ्थान्साच्या ‘माइल्स अँड मोअर’ योजनेनें २०१९ सालीं दोन प्रौढ आणि पांच मुलांपर्यंत अशी सोय केली. युनायटेडनें २०२४ सालीं पांच जणांपर्यंत मैल एकत्र करण्यास परवानगी दिली, आणि त्यांत नात्याचीही अट ठेविली नाहीं. ब्रिटिश एअरवेजच्या कुटुंब-खात्याची फार वर्षें चालत आलेली रीत तर त्रैराशिकाचें उदाहरण म्हणून फळ्यावर घालावी अशी आहे. तिकीट कोणाचेंही निघो, मैल प्रत्येकाच्या शिलकीच्या प्रमाणांत कापले जातात. समजा, नवऱ्यापाशीं वीस हजार आहेत, बायकोपाशीं साठ हजार आहेत आणि तिकिटास चाळीस हजार लागतात. तर नवऱ्याचे दहा हजार जातील आणि बायकोचे तीस हजार. म्हणजे जिनें अधिक मिळविलें तिचेंच अधिक खर्चीं पडलें, मग प्रवास कोणीही करो. हें गणित वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण आमची हकीकत येथूनच सुरू होते.

२०२३ सालीं आम्ही उभयतां चिरंजीवांकडे न्यू जर्सीस गेलों. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात म्हणून त्यानें वरच्या वर्गाचीं तिकिटें पाठविलीं होतीं. पाय पसरून निजतां येईल अशी ती खुर्ची, पितळेसारखा चकाकणारा दिवा, पांढऱ्या कापडावर आलेलें जेवण! निघण्यापूर्वीं वाचनालयांत बसून मुलाच्या कर्तबगारीचें वर्णन आम्हीं इतक्या जणांपाशीं केलें होतें कीं, शेवटीं ग्रंथपालांनीं घड्याळाकडे बोट दाखविलें.

तेथें जाऊन आठ दिवस झाले असतील. एका रात्रीं दीडच्या सुमारास दार उघडल्याचा आवाज झाला. सूनबाई कचेरीच्या कामावरून कॅलिफोर्नियाहून परतली होती. सौभाग्यवती उठल्या, त्यांनीं खिचडी गरम केली आणि समोर बसून विचारलें, “अगं, असें कितीदां जावें लागतें तुला?”

“महिन्यांतून तीनदां, आई. कधीं चारदां.”

“मग ते मैलही पुष्कळ जमत असतील तुझ्यापाशीं?”

“होते ना, पुष्कळ होते,” सूनबाई सहज बोलून गेली, आणि लगेच गप्प झाली.

व्याकरण जन्मभर आम्हीं शिकविलें, पण त्या ‘होते’वर थबकणारा कान सौभाग्यवतींचा. हळूहळू त्यांनीं सर्व काढून घेतलें. नातू २०२० सालीं, साथीच्या दिवसांत झाला. विमानें बंद, त्यामुळें सूनबाईची आई मिरजेहून बाळंतपणास जाऊं शकली नाहीं. तिनें नातू पाहिला तो मोबाइलच्या कांचेंतून. पुढें प्रवास सुरू झाला तेव्हांपासून सूनबाई आपल्या कचेरीच्या फेऱ्यांचे मैल आईवडिलांस आणण्यासाठीं साठवीत होती. खातें मात्र कुटुंबाचें एकच, प्रमुख आमचे चिरंजीव. आणि त्यांनीं त्या सांठ्यांतून आमचीं दोन तिकिटें काढलीं होतीं.

खोलींत येऊन सौभाग्यवती अंथरुणावर बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, आपण ज्या खुर्चींत पाय पसरून आलों ना, ती खुर्ची विहीणबाईंची होती.”

सकाळीं आम्हीं चिरंजीवांस गांठलें. “अरे, तूं तिला विचारलें होतेंस का?”

“बाबा, सांगितलें होतें कीं. आणि सगळें घरचेंच तर आहे.”

‘विचारलें’ आणि ‘सांगितलें’ यांतील अंतर हजारों मुलांच्या वह्यांतून दुरुस्त करणाऱ्या आम्हांस तें स्वतःच्या मुलास शिकवावयाचें राहून गेलें होतें. तो मुलगा वाईट नाहीं. आईच्या गुडघ्यांसाठींच त्यानें तें केलें. प्रांजळपणें सांगावयाचें तर तो धडा त्यानें आमच्यापाशींच गिरविला होता. घराचा हप्ता थकला आणि सौभाग्यवतींच्या पाटल्या मोडल्या, तेव्हां आम्हींही त्यांस सांगितलेंच होतें, विचारलें नव्हतें.

आमच्या शास्त्रकारांस हा प्रश्न नवा नव्हता. एकत्र कुटुंबाचा एवढा पुरस्कार करणाऱ्या धर्मशास्त्रानेंही स्त्रीधन निराळें मानलें आणि विद्याधनाचा स्वतंत्र विचार केला. ज्याचें शिक्षण कुटुंबाच्या पैशानें झालें त्याची मिळकत कुटुंबाची कीं त्याची, यावर न्यायालयांत फार वाद झाले. अखेर मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नानें १९३० सालीं विद्याधनाचा कायदा झाला आणि अशी मिळकत ज्याची त्याची ठरली. मैलांस तो कायदा लागू पडतो असें आमचें म्हणणें नाहीं. मैल हे सभासदाची मालमत्ताच नव्हेत, असें अमेरिकन एअरलाइन्सच्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. सभासद वारला किंवा नवरा-बायकोंचा काडीमोड झाला तरी ते आपोआप कोणाकडे जात नाहींत. मृत्युपत्र किंवा काडीमोडाचा हुकूमनामा न्यायालयानें मान्य केलेला असेल, त्यांत नांव असेल आणि शुल्क भरलें असेल, तर देणें न देणें सर्वस्वीं कंपनीच्या मर्जीवर. अर्थात् ज्या वस्तूवर कायदा आपला हक्क धड मानीत नाहीं तिची वांटणी न्यायालय करून देईल ही आशा नको. ती घरांतच, माणसें एकमेकांशीं बोलत आहेत तोंवर व्हावयास हवी.

म्हणून अनुभवांतून सुचलेल्या चार गोष्टी येथें सांगतों. घरांतील प्रत्येक प्रवाशाचें खातें पहिल्या प्रवासापूर्वीं उघडावें, आणि खात्याचा क्रमांक, शिल्लक व मुदत संपण्याची तारीख एका वहींत लिहून ठेवावी. एकत्र खात्यांत शिरण्यापूर्वीं बाहेर पडण्याचा नियम वाचावा, कारण पुष्कळ योजनांत एकदां प्रमुखाच्या खात्यांत गेलेले मैल परत मिळत नाहींत. प्रमुख कोण, हें वयावरून वा पुरुषपणावरून न ठरवितां, कोण अधिक मिळवितो आणि कोण हिशेब ठेवितो यावरून ठरवावें. मैलांचें तिकीट फुकट असतें हा समज सोडावा. सरकारी कर आणि कंपन्यांचे अधिभार रोख भरावे लागतात, आणि लंडनहून निघणाऱ्या प्रौढ उतारूस तर तिकीट मैलांचें असलें तरी ब्रिटिश सरकारचा विमानकर सुटत नाहीं. उरलेले मैल कोणास विकण्याच्या फंदांत तर पडूंच नये. कंपन्यांस तें मान्य नसतें आणि त्यापायीं सर्व खातें जाऊं शकतें. या सर्वांच्या आधींची गोष्ट अशी कीं, मैल खर्चण्यापूर्वीं ज्यानें ते मिळविले त्यास विचारावें, आणि ‘नको’ म्हणण्यास त्यास जागा ठेवावी.

वापरलेले मैल परत येत नाहींत. चिरंजीवांनीं तें एकत्र खातें मोडून नवें उघडलें आणि त्याचें प्रमुखपद सूनबाईकडे दिलें. आम्हीं आमची एक मुदतठेव मोडून करांचे पैसे देऊं केले, सूनबाई घेईना. “हे तुला नाहींत, विहीणबाईंस आहेत,” असें सौभाग्यवतींनीं म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला. पाटल्या मोडल्याची भरपाई त्यानें होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. या वेळीं मात्र ठेव मोडण्यापूर्वीं आम्हीं सौभाग्यवतींस विचारलें होतें.

२०२४ सालच्या वैशाखांत व्याही आणि विहीणबाई न्यू जर्सीस पोंचलीं. विमानतळावर नातू आजीस पाहून आईच्या पदराआड लपला, आणि तिसऱ्या दिवशीं तिच्याजवळून उठेना, असें कळलें. विहीणबाईंचा फोन आला तेव्हां आम्हीं प्रवासाविषयीं विचारलें. त्या म्हणाल्या, “खुर्ची फारच मऊ होती हो, रात्रभर झोंप म्हणून लागली नाहीं.”