गाडी प्रवाशांची, मिळकत मालाची

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. ‘रेल्वे येणार, रेल्वे येणार’ हे ऐकतच जिल्ह्यातली एक अख्खी पिढी मोठी झाली होती. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३५३ कोटी रुपये. आता तो आकडा ४,८०० कोटींवर गेला आहे आणि त्यातला निम्मा वाटा राज्य सरकारचा आहे.

गाडी आली, पण मार्ग पुरा झालेला नव्हता. बीडपासून पुढे वडवणी, तेलगाव, सिरसाळा करत परळीपर्यंतचा टप्पा तेव्हा बाकी होता. या मार्गाचं खरं गणित त्याच टप्प्यात दडलेलं आहे.

नवा मार्ग आखताना रेल्वे आधी सर्वेक्षण करते. किती प्रवासी, किती माल, किती चढ, किती पूल हे मांडून गुंतवणुकीवरचा परतावा काढला जातो. वर्षानुवर्षे त्यासाठी १४ टक्क्यांचा निकष होता. नुसत्या तिकिटांच्या जोरावर तो गाठणं अवघड, कारण प्रवासी भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नाचा बहुतांश भाग मालगाड्या मिळवून देतात. त्यामुळे लोक मागणी करतात ती प्रवासी गाडीची. मार्ग पोसायचा असतो तो मात्र मालाने.

मालगाडीच्या गरजाही निराळ्या. कोळशाच्या एका रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ वाघिणी असतात आणि त्यात साडेतीन-चार हजार टन माल मावतो. डेमूसारखी हलकी प्रवासी गाडी जो चढ सहज चढून जाते, तिथे एवढं वजन एका इंजिनाला झेपत नाही. म्हणून चढ बेताचा, शंभर मीटरला एक मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. बालाघाटच्या डोंगररांगेत याचा अर्थ होतो खोल कटाई, उंच भराव, लांबचा वळसा. शिवाय स्थानकात अख्खा रेक बाजूला उभा राहील एवढी, सुमारे सातशे मीटरची लूपलाइन हवी. हे सगळं कागदावर असतानाच ठरतं. पुढे लूप वाढवायची म्हटलं की पुन्हा भूसंपादन, पुन्हा मोजणी, पुन्हा मोबदल्याचे वाद.

परळीला मालगाडी नवी नाही. तिथल्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा जुन्याच मार्गांनी येतो. २०१५ च्या दुष्काळात पाणी नसल्याने हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर मालवाहतूक विसंबून ठेवण्यातला धोका परळीने पाहिलेला आहे. नव्या मार्गाचा फायदा कोळशापलीकडचा आहे. परळी जोडली गेली की तेलंगण-बीदरकडून येणाऱ्या गाड्यांना अहिल्यानगर आणि दौंडमार्गे पुण्याकडे जायला आणखी एक वाट मिळेल. तोवर हा मार्ग मध्येच संपतो, आणि जिथून पुढे जाता येत नाही तिथे मालगाड्या फारशा वळत नाहीत.

कोळशाखेरीजचा माल कसा मिळेल, हे समजायला परळी तालुक्यातल्याच धर्मापुरीकडे पाहू. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे. नव्या मार्गावर ते नाही. परळी–लातूर रोड या जुन्या मार्गावरचं घाटनांदूर त्याला जवळ. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा हिशेब सोयाबीनच्या कट्ट्यांचा असतो. कट्टे टेम्पोत भरायचे, मोंढ्यात न्यायचे, आडत्याच्या काट्यावर घालायचे. त्याच्या दहा-वीस कट्ट्यांनी रेक भरत नाही. तो भरायला माल गोळा करणारा व्यापारी किंवा शेतकरी कंपनी लागते आणि माल साठवायला मालधक्क्याजवळ गोदाम लागतं.

थोड्या मालासाठीही वाट काढता येते, हे सांगोल्याने दाखवलं आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी तिथून देशातली शंभरावी किसान रेल बंगालमधल्या शालीमारकडे निघाली. तीत डाळिंबं, द्राक्षं, सीताफळं, भाज्या असा मिश्र माल होता आणि किमान अमुक इतका माल हवा अशी अटही नव्हती. सांगोल्याचा रूळ मुळात बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी. तो रुंद झाला म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची गाडी थेट जाऊ शकली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होतं. रुंदीकरणाचा आराखडा करताना पाण्याच्या वाघिणी कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं; रूळ तयार असला की त्याचे उपयोग पुढे सापडत जातात.

बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेलगावला साखर कारखाना आहे, सिरसाळ्याच्या आसपास कापूस आणि सोयाबीन पिकतं. परळीकडच्या या टप्प्यातल्या स्थानकांवर पुरेशी लांब लूपलाइन, ट्रक वळेल एवढा मालधक्का आणि शेजारी गोदामाची जागा ठेवली, तर धर्मापुरीचा माल लातूरच्या मोंढ्याऐवजी परळीच्या धक्क्यावर उतरवणं परवडतं का, हा हिशेब तिथले व्यापारी स्वतःच करून पाहतील.