पहिली मोटार घेताना : खिशाचा हिशेब आणि कागदाची काळजी

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातील मेहकर-जालना रस्त्यावरचे गाव. येथील दुकानदाराला मालासाठी जालन्याला जावे लागते, कारागिराला कामासाठी आसपासची खेडी गाठावी लागतात. आजवर हे काम एस.टी. व मोटारसायकलवर भागले. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला व तीनचाकीला परवानगी नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी कधी मोटार नव्हती असे अनेक जण आता गाडीचा विचार करू लागले आहेत. गाडी घेण्यात गैर काही नाही. मात्र नवशिक्याने पहिली गाडी घेताना दोन गोष्टी पक्क्या कराव्यात : ती आपल्या खिशाला झेपावी आणि ती आपल्या नावावर व्हावी.

हप्ता की रोख?

समजा, आपण 4 लाखांचे कर्ज 10 टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे 8,500 रुपये बसतो आणि एकूण 5 लाख 10 हजारांच्या आसपास भरावे लागतात. म्हणजे 1 लाख 10 हजार निव्वळ व्याज. धंदा मंदावला तरी हप्ता थांबत नाही. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या वाचकांसमोर तर प्रश्न सरळ आहे : हाती असलेल्या पैशात काय बसते?

समजा, शिल्लक अडीच लाख आहे. तर अडीच लाखांची गाडी पाहू नये. 1 लाख 90 हजारांपर्यंतची सेकंडहँड गाडी पाहावी आणि 60 हजार बाजूला ठेवावेत. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, विमा व नाव चढवण्याचा खर्च त्यातून निघतो. पुढे महिन्याला 500 किलोमीटर फिरणे झाले, गाडी लिटरला 18 किलोमीटर गेली आणि पेट्रोलचा भाव 105 रुपये धरला, तर इंधनाला सुमारे 2,900 रुपये लागतील. दुरुस्ती व विम्यासाठी दरमहा दीड हजार वेगळे काढावेत. हे साडेचार हजार धंद्याला हात न लावता निघत असतील तरच पुढे जावे.

आणखी एक सूचना. आयकर कायद्यानुसार 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. एवढी रक्कम बँकेमार्फतच द्यावी. तोच पुढे पुरावा ठरतो.

कोणती गाडी?

मारुती 800 ही डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. मध्यमवर्गाच्या कित्येक घरांत ती पहिली गाडी ठरली. कारण साधे होते : लहान आकार, कमी पेट्रोल, आणि कोणत्याही गावचा मिस्त्री ती उघडू शकत असे. आजही हीच कसोटी लावावी. ऑल्टो, वॅगन-आर, सँट्रो, आय-टेन या लहान पेट्रोल गाड्यांचे सुटे भाग सहज मिळतात. नवशिक्याच्या हातून क्लच झिजतो, बंपर घासतो; लहान गाडीत हे नुकसान थोडक्यात निभावते.

थोडे फिरणाऱ्याने डिझेलच्या मागे लागू नये. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांतील धुराची जाळी जवळजवळच्या फेऱ्यांत चोंदते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी डिकीची जागा खाते. ज्याला कापडाचे गठ्ठे न्यायचे त्याने हे आधी पाहावे. किट नंतर बसवले असेल तर त्याची नोंद आरसी बुकात असलीच पाहिजे.

बनावटीचे वर्षही महत्त्वाचे. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना देणारी घंटी व मागे घेतानाचा सेन्सर सक्तीचा झाला. पैसे पुरत असतील तर त्यानंतरची गाडी नवशिक्याला अधिक बरी.

मिस्त्रीला सोबत न्या

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2419 म्हणजे 2019 सालचा चोविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर वेगात दगा देऊ शकतो. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खाजगी बसच्या अपघातात 25 जणांचे प्राण गेले, हे विसरता येणार नाही. नव्या चालकाने आधी गावच्या व जुन्या रस्त्यावर हात बसवावा, महामार्ग नंतर.

गाडी कोणाच्या नावावर?

आपल्याकडे खरा घोटाळा येथेच होतो. नातेवाइकाकडून किंवा ओळखीतून गाडी घेतली जाते, किल्ली मिळते आणि नाव बदलण्याचे राहून जाते. 6 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहील. म्हणून नाव बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. आपली जुनी मोटारसायकल विकतानाही हे ध्यानात ठेवावे.

काय करावे?

1. इंजिन व चॅसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. बुकात बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 व बँकेचा ना-हरकत दाखला घ्यावा.
2. फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन आरटीओत लगेच दाखल करावेत. कायद्याने विकणाऱ्याला राज्यांतर्गत 14 दिवसांची व घेणाऱ्याला 30 दिवसांची मुदत आहे.
3. विमा आपल्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवावे.
4. थकलेले चलान व पीयूसी तपासावे. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. किती उरली ते पाहावे.
5. दिल्लीकडची स्वस्त गाडी घेताना तेथील ना-हरकत दाखला व महाराष्ट्रात भरावा लागणारा कर जमेस धरावा.

ओळखीतला विक्रेता ठरलेल्या किमतीत, जादा न घेता, हप्त्याने गाडी देत असेल तर उत्तमच. पण उधारी लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची कुरआनची शिकवण (सूरह बकरा, आयत 282) येथे पाळावी. किंमत, हप्ते व तारखा कागदावर असाव्यात आणि गाडी पहिल्याच महिन्यात नावावर व्हावी. नाते टिकवायचे तर व्यवहार चोख हवा.

शेवटी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने प्रवासी नेण्यास वापरू नये. अपघात झाल्यास विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हौसेने घेतलेली गाडी घराला अडचणीत आणणारी ठरू नये.