कौशल्य रक्तात असते काय?

कारागिराचे कौशल्य त्याच्या रक्तातच असते, हे वाक्य आपल्याकडे मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते. ऐकणारा कारागीरही सुखावतो. पण हे कौतुक नीट तपासून पाहिले पाहिजे. कौशल्य रक्तात असेल तर ते शिकवण्याची गरज उरत नाही, लिहून ठेवण्याची गरज उरत नाही आणि शिकण्यात गेलेल्या वर्षांचा मोबदला देण्याचीही गरज उरत नाही. शिवाय ज्याच्या रक्तात ते नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, हा निष्कर्षही त्याच वाक्यात दडलेला असतो. म्हणजे हे वाक्य वरून स्तुतीचे आणि आतून वर्णव्यवस्थेचे आहे. माझे हे म्हणणे मी माझ्या धंद्यातल्या एका कामाच्या आधारे मांडणार आहे.

मी लेथवर काम करणारा माणूस आहे. घाटकोपरच्या असल्फा भागात, साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ, एका लहान गाळ्यात माझे काम चालते. माझे वडील एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. काही काळापूर्वी आमच्याकडे १९५० च्या दशकातली एक फारगो पिकअप दुरुस्तीला आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि फारगो या नावांच्या गाड्या जोडल्या. त्या कारखान्याची जागा आमच्या गाळ्यापासून फार दूर नाही. आज तिथे कारखाना नाही, इमारती आहेत. आणि त्या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांतही सहसा मिळत नाहीत. जे मिळत नाही ते बनवावे लागते.

बनवायचे तेही मूळ मापाबरहुकूम. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी व दुचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसावेत. हा नियम नेमका कोणत्या वाहनांना लागतो ते पाहणे मालकाचे काम. आमच्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या गाडीचे सस्पेन्शन कापून आणून जोडायचे नाही. आमच्या गाडीचे मागचे पाटे तुटले होते, पुढचे बसले होते, आणि पिना व बुश झिजून अंडाकृती झाले होते. ते सर्व नव्याने घडवायचे होते.

गॅरेजमध्ये ज्याला पाटा म्हणतात ती म्हणजे पोलादाची कमान दिलेली पट्टी. अशा लांबी उतरत जाणाऱ्या पट्ट्या एकावर एक रचून मधोमध एका बोल्टने आवळलेल्या असतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात, आणि त्या डोळ्यांतून पिना घालून तो चेसिसला टांगतात. चाकांचा आस मध्यभागी यू-बोल्टांनी बांधलेला असतो. खालच्या पट्ट्या आखूड का? वजन मध्यावर येते, तेव्हा वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य असतो. म्हणून मध्यावर पोलाद जास्त हवे, टोकाकडे कमी. एक मोठा शंकरपाळ्याच्या आकाराचा पत्रा घेतला, त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या आणि त्या एकमेकींवर रचल्या, तर जे होईल तोच पाट्यांचा संच. शाळेतल्या शिक्षकांनी हे फळ्यावर काढून दाखवावे. मुलांना ते पाच मिनिटांत समजते.

आता जाडीचा प्रश्न. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने वाढतो. मूळ पाटा ६ मिलिमीटरचा असेल आणि बाजारात सहज मिळतो म्हणून ८ मिलिमीटरचा घातला, तर ६ चा घन २१६ आणि ८ चा घन ५१२. म्हणजे एकेक पाटा जवळजवळ २.४ पट ताठ होतो. मग आठाऐवजी तीन-चार पाटे घालून ताठपणा जुळवता येईल, असे एखादा म्हणेल. तसा तो जुळतोही. परंतु तेवढेच वाकताना जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, आणि ती लवकर तुटते. लांबीचेही असेच आहे. लांबी दहा टक्के वाढली की त्याच वजनाखाली पाटा सुमारे एक तृतीयांशाने अधिक वाकतो. म्हणून जुन्या संचातली प्रत्येक पट्टी सुटी करून, गंज घासून, जिथे झीज नाही अशा जागी जाडी मोजावी लागते. आम्ही प्रत्येक पट्टीची लांबी, जाडी आणि सुटी असतानाची कमान वहीत उतरवली.

सुटी असतानाची कमान का मोजायची? कारण आखूड पट्ट्यांना लांब पट्टीपेक्षा थोडी अधिक कमान दिलेली असते. मधला बोल्ट आवळला की त्या एकमेकींवर दाबून बसतात आणि मेन पाट्यात वजन येण्याआधीच उलट्या दिशेचा ताण तयार होतो. पुढे वजन आले की त्याचा काही भाग हा उलटा ताण खोडून काढण्यात खर्च होतो, आणि डोळे असलेली सर्वांत महत्त्वाची पट्टी वाचते. सर्व पट्ट्यांना एकसारखी कमान देणाऱ्याच्या हातून हे साधत नाही.

पोलादही साधे चालत नाही. पाट्याच्या पोलादात शेकडा ०.५ ते ०.६ कार्बन, दीड ते दोन सिलिकॉन आणि एकच्या आसपास मँगेनीज असते. कापणे, भोक पाडणे, डोळा वळवणे हे सर्व ते नरम असताना करायचे. मग लाल करून कमान द्यायची आणि तेलात बुडवून पाणी द्यायचे. पाणी देणे हा शब्द जुना. पण या पोलादाला खरोखरच पाण्यात बुडवले तर ते तडकण्याची भीती असते. तेलातून निघालेला पाटा कठीण असतो, पण काचेसारखा ठिसूळ. त्याला पुन्हा ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून थोडा नरमवला म्हणजे त्याच्यात स्प्रिंगचा गुण येतो. एवढे झालेल्या पाट्याला वेल्डिंगचा टाका मारू नये. त्या उष्णतेने आजूबाजूचे पाणी बिघडते आणि पाटा तिथेच तुटतो. रस्त्यावर तुटलेले पाटे पाहावेत. पुष्कळदा जुन्या टाक्याच्या कडेलाच भेग सापडते.

हे तापवण्याचे काम आमच्याकडे एक वयस्क मिस्त्री करतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते पट्टीचा रंग पाहतात आणि मध्येच चुंबक लावतात. पोलाद सुमारे ७७० अंशांच्या वर गेले की चुंबक धरत नाही. तिथून पुढे अजून शंभरएक अंश चढवायचे असतात. या खेपेस आम्ही भट्टीला तापमानाचा मीटर लावला होता, पण तो काकांना दिसणार नाही असा. त्यांनी “आता काढ” म्हटले तेव्हा मीटरचा काटा ८७५ वर होता. दुसऱ्या पट्टीला ८७०, तिसऱ्या पट्टीला ८८०.

“काका, हे कुठे शिकलात?” मी विचारले.

“शिकवलं कुणी? भाता ओढता ओढता बघितलं. मग किती पाटे फोडले, ते विचार.”

काका लोहार नव्हेत. १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आलेल्या भूमिहीन महार कुटुंबातला हा मुलगा चौदाव्या वर्षी एका भट्टीवर भाता ओढायला लागला. तिथल्या माठाला हात लावायची त्यांना बंदी होती. तापलेल्या लोखंडाला मात्र नव्हती. अकरा वर्षे त्यांनी ते काम केले. बापाने कधी हातोडा धरला नव्हता, आज्यानेही नाही. मग ८७५ अंशांचा रंग ओळखणारी ही नजर कोणत्या रक्तातून आली?

पाटे तयार झाल्यावर ते प्रेसखाली तीन-चार वेळा पूर्ण सपाट होईपर्यंत दाबले. पहिल्या दाबात थोडी कमान उतरते. त्यानंतर ती उतरता कामा नये. मग माझे काम. पिना बाहेरून कठीण केलेल्या पोलादाच्या आणि बुश गनमेटलचे, म्हणजे झीज झाली तर ती स्वस्तातल्या, बदलता येणाऱ्या भागाची व्हावी. बुश डोळ्यात दाबून बसवला की त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून रिमर नेहमी बसवल्यानंतर फिरवायचा. पिन आणि बुश यांत दोन-तीन हजारांश इंचाची सैल ठेवायची, आणि ग्रीस जायला चर पाडायची. पाट्याचे एक टोक चेसिसला पक्के, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर असते. पाटा सपाट होताना त्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर वाढते. त्या वाढीला वाट हवी. ती न दिली तर पाटा आडून राहतो आणि गाडी दगडासारखी आदळते. पुढच्या पाट्यांची उंची दोन्ही बाजूंना सारखी हवी, नाहीतर आसाचा कल बदलतो आणि वळणानंतर स्टीअरिंग सरळ परत येत नाही. हे नुसते दिसण्याचे काम नव्हे. यात चूक झाली तर रस्त्यावरचा माणूस मरतो.

यातली कोणती पायरी मोजता येत नाही? कोणती सांगता येत नाही, शिकवता येत नाही? तरीही हे ज्ञान ज्ञान म्हणून गणले जात नाही, याचे कारण पोलादात नाही, समाजात आहे. गावगाड्यात लोखंड लोहाराचे, चामडे चांभाराचे आणि मेलेले ढोर महाराचे, अशी वाटणी होती. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जात ही कामे वाटून थांबत नाही, ती माणसेच वाटते आणि त्यांना एकाखाली एक मांडते. शहरातल्या यंत्राने ही वाटणी मोडेल अशी आशा होती. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद राहिले, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य कामगार मेकॅनिक वा फोरमन न होता हमालच राहतो, हेही मांडले. यंत्र जातीला विचारत नाही. यंत्राजवळ कोणाला उभे करायचे हे ठरवणारा माणूस विचारतो.

आमची फारगो पुढे एका प्रदर्शनात उभी राहिली. पाटीवर गाडीचे साल होते, कंपनीचे नाव होते, मालकाचे नाव होते. पाटे कोणी घडवले, हे कुठेही नव्हते. एका सुशिक्षित गृहस्थांनी खाली वाकून पाटे पाहिले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, “लोहार असणार. यांच्या रक्तातच असतं हे!” काका शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या अकरा वर्षांचा हिशेब त्या एका वाक्याने पुसला गेला होता.

आपल्या चळवळीने पुस्तकी शिक्षणाला महत्त्व दिले ते योग्यच केले. परंतु हाताचे काम म्हणजे गुलामीची खूण, अशी भावना काही शिकलेल्या तरुणांत मूळ धरते आहे. तिचा उगम समजण्यासारखा आहे. जे काम लादले गेले त्याचा वीट येणारच. लादलेले काम नाकारणे हा आपला हक्क आहे. पण कामातले ज्ञान नाकारले तर आपण ते फुकटात दुसऱ्याच्या नावावर करून देतो. उलट बाजूने, ‘पिढीजात कला’ म्हणून त्याचे गोडवे गाणेही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे माणूस पुन्हा बापाच्या धंद्याला बांधला जातो.

म्हणून माझे म्हणणे अगदी व्यवहाराचे आहे. कार्यकर्त्यांनी वस्त्यांतल्या मिस्त्रींकडे वही घेऊन जावे आणि त्यांचे काम मापांसह, आकृत्यांसह, त्यांच्या नावासह लिहून घ्यावे. शिक्षकांनी घन, ताण आणि उष्णता शिकवताना मुलांना जवळच्या गाळ्यात न्यावे. पूर्वीपासून येणाऱ्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. तिचा लाभ अशा माणसांना मिळतो की नाही, हे पाहणे संघटनांचे काम आहे. आमच्या गाळ्यातली वही आता तीसेक पानांची झाली आहे. काका सांगतात आणि मी लिहितो. त्यांच्याकडे सध्या दोन मुलगे आणि एक मुलगी शिकते आहे. तिघांच्या तीन जाती आहेत, आणि चुंबक कोणत्या रंगाला सुटते हे तिघांनाही आता ठाऊक आहे.