वाफ्यांमधल्या वाटेवरचं तण

बदलापूर-अंबरनाथकडे पहिला पाऊस पडला की आठवडाभरात वाट हिरवी होते. टाकळा, केना, आघाडा, हराळी आणि सगळ्यात चिवट लव्हाळा.

स्वस्तातला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पुठ्ठा. उल्हासनगरच्या बाजारात दुकानांबाहेर खोकी पडलेली असतात, विचारून घ्यावीत. चिकटपट्टी आणि पिना काढाव्यात, चकचकीत छपाईची खोकी टाळावीत. तण खरवडून पुठ्ठे वीतभर एकमेकांवर चढवून अंथरावेत, भिजवावेत, वर चार बोटं सुका पाला किंवा पेंढा घालावा. उजेड न मिळाल्यानं बी रुजून वर येत नाही. भाताचं तूसही चालतं, पण जुलैच्या सरीत ते वाहून जातं; म्हणून कडेला विटांची ओळ हवी. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा मात्र साध्या लाकडाचाच घ्यावा. प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, तो भाजीजवळ नकोच.

लव्हाळा पुठ्ठाही भेदतो. त्याच्या जमिनीतल्या गाठी खुरप्यानं खणूनच काढाव्या लागतात, तेही पुन्हा पुन्हा. पावसाळ्यात पुठ्ठ्याखाली गोगलगायी लपतात, संध्याकाळी वेचाव्यात. कोरड्या दिवसांत वाळवी लागते का, तेही पाहावं.

वाटेवर फरशी असेल तर तिच्या फटींतल्या तणावर उकळतं पाणी ओतावं, भाजीच्या मुळांपासून दूर. मीठ कधीच टाकू नये. पावसानं ते वाफ्यात उतरतं आणि माती नासवतं.

टाकळा मात्र कोवळा असतानाच खुडावा. त्याची भाजी फार चांगली होते.